कपाटामागचा बदामी

१

त्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरात बदामीच रंग लागत होता. शेडकार्डावर त्याला काहीतरी भारदस्त नाव आणि लांबलचक नंबर होता, पण दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्याला बदामीच म्हणायचे. धड गडद नाही, धड फिका नाही. हात आखडून दूध घातलेल्या चहासारखा. लोक आधी बिचकायचे. खोली लहान दिसेल, अंधारी वाटेल, म्हणायचे. मी सांगायचो, छत आणि चौकटी पांढऱ्या ठेवा, खिडकीचा जाड पडदा काढा आणि आठ दिवस थांबा. आठ दिवसांनी शेजाऱ्यांचा फोन यायचा, आम्हालाही तोच हवा म्हणून.

सकाळी तो रंग किंचित गुलाबीकडे झुकतो. दुपारी वाळूसारखा कोरडा दिसतो. ऊन उतरायला लागलं की ऊब भिंतीतूनच येतेय असं वाटतं. लाकडी सामान त्यात शांत बसतं आणि माणसांचे चेहरे बरे दिसतात, माझासुद्धा. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नसे. त्या रंगाच्या खोलीत दुपारी झोप येते. मी स्वतः दोनदा शिडीवर उभ्या उभ्या पेंगलो आहे.

हे काम आम्ही दोघं भाऊ मिळून करायचो. दादा कडा करायचा आणि मी पोट. कड म्हणजे छताला, चौकटीला, बटणांच्या पाटीला लागून ब्रशने ओढायची पट्टी. पोट म्हणजे मधली सगळी भिंत, ती रोलरने होते. माझं स्वतःचं पोटही दरवर्षी थोडं पुढे सरकत होतं, त्यामुळे रंगाच्या दुकानात आमच्या जोडीवर जे विनोद व्हायचे ते इथे सांगण्यासारखे नाहीत. दादा चिकटपट्टी न लावता कड ओढायचा. ब्रश डब्याच्या काठावर दोनदा आपटायचा, टक टक, आणि मग एका दमात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. लहानपणी त्याच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडून वाकडं बसलं होतं. कोपऱ्यात ब्रश उचलताना तो जरासा डावीकडे वळायचा आणि तिथे स्वल्पविरामासारखी एक खूण राहायची, बोटाच्या पेराएवढी. माहीत नसणाऱ्याला ती दिसायची नाही. मी ती शंभर भिंतींत ओळखली असती.

त्याचे दोन नियम होते. पहिला, कपाट हलवल्याशिवाय रंग लावायचा नाही. लोक म्हणायचे, राहू द्या हो, मागे कोण बघायला जातंय. दादा म्हणायचा, ‘भिंत आहे ना तिथे? मग रंग लागणार.’ मग आम्ही कपाट रिकामं करायचो, सरकवायचो, मागे रंगाचे दोन हात द्यायचो आणि सगळं होतं तसं भरून ठेवायचो. माझी कंबर या नियमाने गेली. दुसरा नियम, काम संपलं की थांबायचं नाही. शेवटची भिंत उरकली की तो ब्रश धुवायचा, ‘झालं’ म्हणायचा आणि चपला पायात सरकवून निघायचा. घरमालकाने चहा पुढे केला तरी नाही म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर दादाने स्वतःच्या झोपायच्या खोलीला बदामी लावायला घेतला. तीन भिंती झाल्या. चौथीला कपाट होतं. ते हलवायला मी दुसऱ्या दिवशी येणार होतो. दादा जरा टेकावं म्हणून पलंगावर बसला आणि त्याला उठता येईना. उजवं अंग गेलं होतं.

२

डॉक्टरांनी वहिनींना आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. हात वर्षभरात परत येऊ शकतो, येईलच असं नाही. रोज व्यायाम द्या, पण दमवू नका. दमणूक झाली आणि दुसरा झटका आला, तर तो त्यांना झेपायचा नाही. वहिनींनी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद चौकटीला चिकटवला. चौकटीचा पांढरा रंग नवा होता, कागद काढताना तोही निघणार हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी एकटा कामाला लागलो आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे कपाटं हलवणं सोडलं. खोटं कशाला बोलू. एकट्याने दोन्ही कामं करायची, कडाही आणि पोटही, त्यात कपाटं कोण ओढत बसणार. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर आत जाईल तेवढा रंग लावायचो आणि पुढे सरकायचो. कुणाला कळलं नाही. अशी नऊ घरं झाली.

त्यातलं पहिलं घर एका शिक्षिकाबाईंचं होतं. एकट्या राहायच्या. कपाटात वीस वर्षांच्या वह्या होत्या. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

“अहो, मी कपाट पलीकडच्या भिंतीला नेलंय. तुम्ही एकदा येऊन जाल का?”

पकडला गेलो. उरलेल्या रंगाचा डबा घेतला आणि वाटेत थाप रचली. भिंतीत ओल वाटली, म्हणून सुकायला ठेवली होती, असं काहीतरी. बाईंनी दार उघडलं आणि मला थेट खोलीत नेलं.

“इथे माझ्या भाच्याने चुकीच्या जागी खिळा ठोकला. ते भोक तेवढं बुजवा. आणि हो, कपाटामागे इतका नीट रंग लावलेला मी पहिल्यांदाच बघितला. बहिणीला मी मुद्दाम दाखवला.”

भिंत खालपासून वरपर्यंत बदामी होती. मी जवळ गेलो. रोलरने रंगवलेल्या भिंतीवर बारीक दाणे उठतात, ते मधल्या भागात नव्हते. तेवढाच भाग ब्रशने केलेला होता, सरळ उभे हात, एकाला एक लागून. मी वर बघितलं. छताजवळच्या कोपऱ्यात स्वल्पविराम होता.

मी भोक बुजवलं. बाई तोवर खुर्चीत बसून बोलत होत्या.

“या रंगात दुपारी डोळा लागतो बघा. आणि झोपेत असं वाटतं की कुणीतरी भिंतीवरून सावकाश हात फिरवतंय. भीती नाही वाटत, बरं वाटतं. मी जागी झाले की ते थांबतं.”

३

घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. आपणच रंगवली असेल आणि विसरलो असू. दादाच्या काळजीत डोकं ठिकाणावर नव्हतं. पण ब्रशने? पोट मी जन्मात ब्रशने केलेलं नाही. मग बाईंनी दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल. तसं असतं तर त्या माझं कौतुक कशाला करतील? मग स्वल्पविराम. तो काय, कुणाच्याही हातून पडू शकतो. असं एकेक करत मी सगळं निकालात काढलं आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामाऐवजी दादाकडेच गेलो.

खोलीत ऊन आलं होतं. तीन बदामी भिंती आणि चौथीवर ते उंच कपाट, त्याच्या कडेने जुना निळसर रंग डोकावत होता. दादा उशीला टेकून कपाटाकडे बघत होता. त्या झटक्यानंतर त्याच्याकडे तीनच शब्द उरले होते. ‘पाणी’, ‘हो’ आणि ‘राहिलं’. शेवटचा तो कशालाही वापरायचा.

वहिनी त्याच्या हाताला तेल लावत होत्या. मला बघून म्हणाल्या, “भाऊजी, एक सांगू? रागावू नका. कामावरून आलात की आधी हात धूत जा. तुमचा रंग ह्यांच्या नखांत जातो. काल मी अर्धा तास काढत बसले होते.”

मी दोन दिवस तिकडे फिरकलो नव्हतो. बोलणार होतो, पण वहिनींनी दादाचा उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला बदामी रेघ होती. मी हातात घेतला तेव्हा हात कोमट आणि जड लागला.

“सकाळी सकाळी असाच असतो,” वहिनी म्हणाल्या. “व्यायामाच्या बाई म्हणाल्या, अहो, काल यांच्याकडून काय करून घेतलंत? दिवसभर राबलेल्या माणसासारखे स्नायू झालेत. मी म्हटलं, हे तर कूसही बदलत नाहीत. बाईंचा विश्वास बसला नाही. आठवड्यापासून पुढे जायच्या ऐवजी मागेच चाललोय आम्ही.”

त्यांचा आवाज सांभाळलेला होता, पण तेलाची बाटली बंद करताना झाकण बसेना.

“राहिलं,” दादा म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता.

४

खात्री करायची म्हणून मी त्या नऊ घरांपैकी एका घड्याळजींकडे गेलो. नवरा-बायकोचं छोटं घर, पुढच्या खोलीतच दुरुस्तीचं टेबल, भिंतीवर सोळा-सतरा घड्याळं. बदामी भिंतीवर ती उठून दिसावीत म्हणूनच त्यांनी तो रंग घेतला होता. मी म्हटलं, ओल तपासायची आहे, कपाट जरा सरकवू का. घड्याळजी म्हणाले, “सरकवा की. आणि ओल बघताय तर हेही बघा. दुपारी तीनच्या सुमाराला या कपाटामागून दोन टोले येतात. टक टक. माझं एकही घड्याळ तसं वाजत नाही. मी सगळी उघडून बघितली.”

ते गमतीत बोलत होते. त्यांना अपमान वाटत होता तो फक्त घड्याळजी म्हणून.

मागे रंग लावलेला होता. पण ही भिंत शिक्षिकाबाईंच्या भिंतीसारखी नव्हती. उभे हात वाकडे गेले होते. एका जागी रंगाचा ओघळ येऊन तसाच वाळला होता. दादाने उभ्या आयुष्यात ओघळ सोडला नव्हता. वरचा स्वल्पविराम फिसकटला होता, हात मध्येच गळून पडावा तसा. मी त्या ओघळावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो. घड्याळं आपापली चालली होती.

तरीही मनाला पटत नव्हतं. म्हणून मी एक गोष्ट केली, जिची मला आजही लाज वाटते. त्या आठवड्यात एका तरुण जोडप्याच्या घरी काम होतं. पोटुशी बायको माहेरी गेलेली, नवरा कामावर. सकाळी मी कपाटामागच्या कोऱ्या भिंतीवर पेन्सिलने फुली मारली, कपाट घट्ट टेकवलं आणि बाकीची खोली पुरी केली. मग डबा खाल्ला आणि जमिनीवर, कपाटासमोर, पाय पसरून बसलो. खिडकीतून ऊन येत होतं. ओल्या बदामी रंगाचा तो गोडसर वास. कधी डोळा लागला कळलं नाही.

टक टक.

मी डोळे उघडले. आवाज कपाटामागून आला होता. मग ब्रश भिंतीवरून जाताना येतो तो आवाज, लांब, सावकाश, वरून खाली. तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, आणि दर वेळी थोडा आणखी सावकाश. मी ऐकत बसलो. खरं सांगायचं तर मला छान वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एका खोलीत कामाला होतो.

मग फोन वाजला. वहिनी होत्या.

“भाऊजी, लगेच या. ह्यांना दरदरून घाम सुटलाय, श्वास लागलाय. आणि तो हात, तो हात नुसता थरथरतोय. मी डॉक्टरांना फोन लावला तर...”

कपाटामागे ब्रश चालूच होता. मी गुडघ्यांवर पुढे झालो आणि कपाटाच्या फळीला कपाळ टेकवलं.

“दादा,” मी म्हटलं, “ठेव खाली. मी करतो. आईशप्पथ मी करतो.”

आवाज थांबला. फोनमध्ये वहिनी दादाला हाका मारत होत्या. मग म्हणाल्या, “थांबा. थांबलं. शांत झाले. भाऊजी, तुम्ही कुणाशी बोलत होता?”

मी कपाट ओढलं. भिंत कमरेच्या वर बदामी आणि खाली कोरी होती. शेवटचा ओला हात फुलीच्या दोन बोटं वर येऊन थांबला होता.

५

पुढचे पंधरा दिवस मी लोकांच्या घरी जाऊन कपाटं हलवायची परवानगी मागत होतो. रंगारी फुकटात परत येतो म्हटल्यावर लोकांना संशय येतो. एका आजोबांनी मला दारातच उभं करून उलटतपासणी घेतली. एका ताईंना वाटलं कपाटात काही किमती आहे असं मला कुणीतरी सांगितलंय. मी ओल, वाळवी, खराब निघालेला माल, जे सुचेल ते सांगत सुटलो. निम्म्या ठिकाणी दादा आधीच पोचलेला होता. तिथे मी त्याचे ओघळ घासून काढले आणि वर एक हात दिला. फक्त कोपऱ्यातला स्वल्पविराम तेवढा सोडून. उरलेल्या ठिकाणी मी आधी पोचलो. नवीन कामं घेतली तिथेही सगळ्यात आधी कपाट हलवायचो, घरमालकाने सतरंजी काढायच्या आत. कंबर रोज संध्याकाळी मला शिव्या घालायची.

दादा सुधारू लागला. आधी नखं स्वच्छ राहू लागली. मग करंगळी हलली. मग एके दिवशी वहिनींनी त्याच्या हातात रबरी चेंडू ठेवला आणि त्याने तो दाबला. अगदी थोडा, पण दाबला. वहिनी हसल्या आणि मग तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, “आता हे खरं कष्टाचं फळ दिसतंय.” मी मान हलवली. कुणाचे कष्ट हे त्यांना कशाला सांगा.

६

“भाऊजी, आता आपलीही भिंत करून टाका,” वहिनी एकदा जेवायला वाढता वाढता म्हणाल्या. “दुनियेची कपाटं हलवलीत, घरचं तेवढं तसंच आहे. हे दिवसभर तिकडेच बघत बसतात. मला मेलीला तो निळा पट्टा बघवत नाही.”

करतो म्हटलं. या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात असं करत महिना काढला. कंबरेचं कारण सांगितलं, रंग संपला म्हटलं. खरं कारण मला स्वतःशीही नीट मांडता येत नव्हतं. ती शेवटची भिंत होती. शेवटची भिंत उरकल्यावर दादा कधी कुठल्या घरात थांबला नव्हता. आणि नाही रंगवली, तर तो स्वतः उठणार, त्या हाताने. डॉक्टर काय म्हणाले होते ते चौकटीवर लिहिलेलं होतंच. रंगवली तरी भीती आणि न रंगवली तरी भीती. दादाशिवायच्या घराचा विचार आला की मी उठून दुसऱ्या कुणाचं कपाट हलवायला निघायचो. आम्हाला दुसरं कोणी नाही.

एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेल्या. दादा झोपला होता, तोंड किंचित उघडं, उजवा हात चादरीवर. त्याच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. नखाच्या कडेला बदामी रेघ होती. ओली.

मी कपाट रिकामं न करताच ओढलं. आत काचेचं काहीतरी कलंडलं. वीतभर, मग हातभर, मग मी मागे बघितलं.

भिंत कोरीच होती. जुनी निळी, धुळीची. पण तिच्या चारी बाजूंनी कड ओढलेली होती. छताला लागून, कोपऱ्यांना लागून, खाली फरशीला लागून, चार बोटं रुंद, सुतासारखी सरळ. ओघळ नाही, थरथर नाही. वर कोपऱ्यात स्वल्पविराम, तो अजून चमकत होता. बाकी सगळीकडे त्याने माझं काम केलं होतं. इथे त्याने त्याचं स्वतःचं केलं होतं आणि मधलं माझ्यासाठी ठेवलं होतं.

मला रडू आलं. मी रोलर आणला, डबा उघडला आणि पोट भरायला घेतलं. बाहेरचं ऊन कपाटाच्या फटीतून भिंतीवर येत होतं आणि जिथे रंग लागे तिथे ती भिंत जागी झाल्यासारखी उबदार दिसे. मागे पलंग कुरकुरला. मग अगदी माझ्या पाठीशी, टक टक. मी वळलो नाही. लहानपणापासून मला एवढं कळतं की दादा कामात असला की वळून बघायचं नसतं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, नीट, एका लयीत, दमलेला नाही. भिंतीवर माझ्या सावलीच्या बाजूला आणखी काहीतरी हललं असावं. मी रोलरकडेच बघत राहिलो.

शेवटी खाली, कपाटाच्या पायामागे, तळहाताएवढी जागा उरली. रोलर तिथवर नेला आणि थांबलो. मग मी तो डब्यात ठेवला आणि कपाट होतं तिथे ढकललं.

वहिनी पिशवी घेऊन दारात आल्या. “झालं?”

“थोडं राहिलंय,” मी म्हटलं. “करू सावकाश.”

दादा पलंगावरच होता, उशीला टेकलेला, जागा. कामचुकार धाकट्याकडे मोठा भाऊ जसा बघतो तसा तो माझ्याकडे बघत होता. मग त्याचा चेहरा सैल झाला.

“धाकट्या,” तो म्हणाला. तो शब्द परत आल्याचं वहिनींना इतकं कौतुक वाटलं की औषधांची पिशवी तशीच दारात राहिली.

७

चार महिने बरे गेले. दादा दोन्ही हातांनी कप धरू लागला. भिंतीला धरून दाराशी येऊ लागला. मी दर रविवारी जायचो आणि निघताना कपाटाकडे बोट दाखवून म्हणायचो, “राहिलंय हं दादा, तेवढं.” तो मान हलवायचा. आमचं तेवढंच बोलणं व्हायचं, पण पुरायचं.

परवा सकाळी वहिनींचा फोन आला. आवाजात इतका आनंद की मी ओळखलाच नाही.

“भाऊजी, या लवकर. हे एकटे उठून बसलेत. केस विंचरून घेतले माझ्याकडून. आणि नवा शब्द बोलले आज. ‘झालं’ म्हणाले, दोनदा. आणि काय मागतायत माहितीये? चपला मागतायत. बाहेर जायचं असेल. आणि हो, काल येऊन गेलात होय? पुन्हा नखांत रंग आहे.”

मी काल गेलो नव्हतो. डबा माझ्या घरी होता, झाकण ठोकून बंद केलेला.

मी पोचलो तेव्हा दादा पलंगाच्या कडेला बसला होता, दाढी केलेली, पाय जमिनीला टेकलेले. वहिनींनी चपला पुसून त्याच्यासमोर जोडीने ठेवल्या होत्या. सकाळच्या उन्हात सगळी खोली गुलाबी झाली होती आणि त्यात त्याचा चेहरा मला कितीतरी वर्षांपूर्वीचा वाटला. त्याने एक पाय पुढे सरकवला.

मी खाली बसलो आणि दोन्ही चपला उचलून मांडीवर घेतल्या. वहिनी हसायला लागल्या. “अहो, हा काय पोरकटपणा, घालू द्या त्यांना.”

मी त्याचा उजवा हात धरला. डोक्यात काही नव्हतं. मग आमचाच धंदा मदतीला आला.

“दादा,” मी म्हटलं, “एकच हात झालाय. बदामीला दोन लागतात. तूच शिकवलंस. निळा खालून दिसतो.”

त्याने कपाटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं तो मला ढकलून उठेल. पण कच्चं काम त्याच्याच्याने टाकवत नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याला माझा राग आला होता तोही मला दिसला.

“राहिलं,” तो शेवटी म्हणाला, आणि सावकाश मागे उशीवर टेकला.

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी चपला मांडीवर घेऊन तसाच फरशीवर बसून होतो. त्याचा हात माझ्या हातात होता, सैल आणि कोमट, एक बोटही हलत नव्हतं, आणि कपाटामागे डब्याच्या काठावर ब्रश दोनदा आपटला. मग तो भिंतीवरून जायला लागला, वरून खाली, न थांबता. दुसऱ्या हाताला नेहमीच पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.